वॉटर कूलिंगमधल्या फिल्टरच्या तक्रारीबद्दल, दुकानाच्या मालकाकडून

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दिवाळीच्या आधी तुम्ही आमच्याकडून एडिटिंगच्या कॉम्प्युटरला कस्टम लूप (पंप, पाणी थंड करणारा रेडिएटर आणि नळ्या यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवायची जोडणी) बसवून घेतला, आम्ही आग्रह करून त्यात फिल्टर घातला आणि सात महिन्यांत तोच तुंबला. रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम) लावला की प्रोसेसर ९५ अंशांवर जायचा. वर तो साफ करायचे आम्ही १,८०० रुपये घेतले. 'फिल्टर म्हणजे पैसे काढायचा धंदा आहे, काढून टाका म्हटलं तरी ऐकत नाहीत,' असं तुम्ही लिहिलंय.

ते १,८०० रुपये आम्ही घ्यायलाच नको होते. आजच परत पाठवतो. पण फिल्टरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

मशीन उघडलं तेव्हा मी स्वतः टेबलाशी होतो. जाळीवर काळपट-तपकिरी कण होते आणि त्यांच्यावर पांढरट, चिकट साय धरली होती. कण रेडिएटरमधले. रेडिएटरच्या नळ्या डाख देऊन जोडताना फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) वापरतात, त्याचा चुरा आत राहतो. नवा कोरा रेडिएटर म्हणजे आतून स्वच्छ, असं नसतं. तो गरम डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा खळबळून धुवायचा, आणि निघालेलं पाणी पांढऱ्या फडक्यावर ओतलं की डाग पडायचा थांबेपर्यंत धुवायचा. तुमचा रेडिएटर आम्ही तीनदा धुतला आणि फडकं न बघता बसवला. दिवाळीची गर्दी होती, पण गर्दी आमची होती, तुम्ही पैसे पूर्ण दिले होते.

आता हे कण फिल्टरमध्ये अडकले नसते तर कुठे गेले असते? प्रोसेसरवर जो ब्लॉक बसतो त्यात तांब्याच्या बारीक पात्या असतात आणि दोन पात्यांमधली फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपेक्षाही कमी असू शकते. सगळं पाणी त्या फटींतून जातं. लूपमधली सगळ्यात अरुंद जागा तीच, म्हणून कचरा तिथेच बसतो. तुमचा ब्लॉक मी तुमच्यासमोर उघडला होता, आठवत असेल: पात्यांमध्ये एकही काळा कण नव्हता. फिल्टर तुंबला कारण त्याने त्याचं काम केलं. जाळी नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने दहा मिनिटांत साफ होते. ब्लॉक साफ करायचा तर तो प्रोसेसरवरून उतरवा, उघडा, रबरी रिंग बदला, प्रोसेसर आणि ब्लॉकमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट परत लावा आणि गळतीची तपासणी पहिल्यापासून करा.

पण जाळी तुंबली की पाण्याचा वेग पडतो आणि तापमान चढतं. ती दर काही महिन्यांनी बघावी लागते, हे आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. शिवाय फिल्टर अशा जागी बसवला की सगळं पाणी काढल्याशिवाय तो निघतच नाही. तुमचा राग इथे अगदी रास्त आहे.

पांढरी साय ही आमची दुसरी चूक. तुम्हाला आतलं लाल पाणी दिसायला हवं होतं म्हणून आम्ही पारदर्शक मऊ पीव्हीसी ट्यूब घातली. ती मऊ राहावी म्हणून तिच्यात जे प्लास्टिसायझर घालतात, ते कोमट पाण्यात हळूहळू सुटतं आणि सगळीकडे चिकटतं. याला फिल्टरचा इलाज नाही. थोडं जाळीवर बसतं, बाकीचं पुढे जातं. तुमच्या ब्लॉकमध्येही त्याचा पातळ थर होताच. ही ट्यूब काढून काळी ईपीडीएम रबराची किंवा दिसायला हवीच असेल तर कडक ॲक्रिलिकची घालू. दोन्हींचा खर्च आमचा.

एक गोष्ट तुमच्याकडूनही झाली आहे. दोष देत नाही, पुढे होऊ नये म्हणून सांगतो. मार्चमध्ये पाणी कमी झालं तेव्हा तुम्ही घरच्या प्युरिफायरचं पाणी भरलंत. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, आणि चव राहावी म्हणून अनेक प्युरिफायर थोडं मूळ पाणी परत मिसळतात. त्यात विरघळलेले क्षार असतात. जाळी कितीही बारीक घेतली तरी विरघळलेलं काही अडत नाही. शेवाळाचंही तसंच, त्याला कूलंटमधलं (लूपमध्ये भरायच्या तयार द्रवातलं) जंतुनाशक लागतं, आणि साधं पाणी घातलं की तेच पातळ होतं. पाणी कमी दिसलं तर आमच्याकडून त्याच कूलंटची बाटली न्या, पैसे नकोत.

तुमच्या मित्राने फिल्टर पंपाच्या आधी लावायला सांगितलंय, म्हणजे पंप वाचेल. कृपया तसं करू नका. पंप ढकलायला जोरदार असतो, ओढायला नाही. ओढण्याच्या बाजूला जाळी आली आणि ती तुंबली, की पंपाला पाणी कमी पडतं, आत बुडबुडे होतात, आवाज सुरू होतो आणि आयुष्य घटतं. म्हणून फिल्टर पंपाच्या पुढेच हवा, रेडिएटरमधून पाणी बाहेर पडतं तिथे, ब्लॉकच्या अगदी आधी. ही जागा आम्ही बरोबर निवडली होती, फक्त हात पोहोचेल अशी ठेवली नव्हती.

येत्या शनिवारी मशीन घेऊन या. रेडिएटर पुन्हा धुऊ, या वेळी फडकं तुम्हीच बघा. फिल्टर कॅबिनेटमध्ये हात पोहोचेल अशा बाजूला आणून त्याच्या दोन्ही अंगांना क्विक डिस्कनेक्ट (सोडवले की आपोआप बंद होणारे जोड) लावू, म्हणजे दोन थेंबांपलीकडे पाणी न सांडता तुम्ही तो घरी काढू शकाल. लूपमध्ये फ्लो सेन्सरही घालू. वेग पडायला लागला की स्क्रीनवर आकडा दिसेल, ९५ अंशांची वाट बघावी लागणार नाही. पहिल्यांदा जाळी एका महिन्याने बघायची, पुढे तीन-तीन महिन्यांनी. ही तारीख आता आम्ही बिलावरच लिहून देतो, तुमच्यानंतर आलेल्या प्रत्येकाला.

एवढं करूनही फिल्टर नकोच असेल, तर मशीन तुमचं आहे, काढून देईन आणि त्याचे पैसेही परत करीन. फक्त धुतलेल्या रेडिएटरवर महिनाभर चालवून, जाळी तुमच्या हाताने उघडून बघा आणि मग सांगा. शनिवारी सकाळी साडेदहाला दुकान उघडतं, तुमच्यासाठी टेबल मोकळं ठेवतो.