‘आमच्या जीन्समध्येच आहे’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘लठ्ठपणा ७० टक्के जीन्समुळे, म्हणून डाएट-व्यायाम फुकट. एफटीओ जीन असला की माणूस जाडा होणारच. बारीक माणसाला रक्त तपासायची गरज नाही.’ मी लालबागच्या एका लॅबमध्ये रोज रक्ताच्या नळ्या हाताळते, त्यामुळे शेवटच्या वाक्यापासून सुरू करते.

परवा एक गृहस्थ आले, चाळिशीचे, सडसडीत, रात्रभर उपाशी. नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली तर वरचं सीरम पिवळसर नितळ नव्हतं, पातळ ताकासारखं पांढुरकं होतं. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, खूप वाढले की असं दिसतं. ‘नळी बदलली नाही ना?’ त्यांनी दोनदा विचारलं. नव्हती बदलली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचा फोटोच छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण अंगातली चरबी साहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे काट्यापेक्षा कंबर जास्त सांगते: पुरुषांची ९० सेंटिमीटरपुढे, बायकांची ८०पुढे गेली की रक्त तपासून घ्यावं.

आता ते ७० टक्के. जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण ४० ते ७० टक्के असा आकडा येतो, खोटा नाही. पण तो माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. तुमच्या ८० किलोंतले ५६ जनुकांचे, असा हिशोब त्यातून निघत नाही. माझे आजोबा गिरणीत पाळीभर साच्यापुढे उभे असायचे. त्यांचा नातू, म्हणजे माझा भाऊ, अंधेरीत दहा तास खुर्चीत असतो. रक्त एकच, पोट कुणाचं सुटलंय ते सांगायला नको.

एफटीओ जीनचा लठ्ठपणाशी संबंध २००७ मध्ये सापडला. त्याच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या तरी सरासरी फरक तीनेक किलोंचा. शिवाय दोन लाखांवर प्रौढांची माहिती एकत्र केली तेव्हा, हालचाल करणाऱ्यांत हा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी भरला.

आणि ‘फुकट’? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं-खाणं सुधारलं. वजन फारसं हललं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं.

एका जनुकाच्या बिघाडाने, उदाहरणार्थ भूक आवरणाऱ्या लेप्टिन हार्मोनच्या, लहानपणापासून भूकच न भागणारी मुलं असतात. ती फार विरळा, आणि त्यांना इंजेक्शन लागतं, टोमणे नाही. बाकी जाड माणसाला ‘तोंड आवर’ म्हणणाऱ्या काकूंपेक्षा हा फॉरवर्ड परवडला, एवढं मान्य.