केवळ आवाजावरून

माझ्या मेव्हण्याला पक्षीनिरीक्षणाचा नाद लागल्यापासून, ठाण्यातील नोकरदार माणसाला रविवारी सकाळी झोपून राहण्याचा जो हक्क असतो, तो माझ्यापुरता रद्द झाला आहे. उजाडण्यापूर्वीच तो गळ्यात दुर्बीण अडकवून इमारतीखाली उभा राहतो आणि आम्ही येऊरच्या जंगलात ठिपकेवाला सातभाई नावाच्या पक्ष्याच्या शोधात निघतो.

हा पक्षी कोणाला दिसावा, अशी निसर्गाचीच इच्छा नसावी. लांबी जेमतेम १५ सेंटीमीटर, पाठ तपकिरी, डोक्यावर तांबूस टोपी, छातीवर तपकिरी रेघोट्या; म्हणजे एकूण रंग पाचोळ्याचा आणि मुक्कामही पाचोळ्यातच. झुडपांच्या तळाशी तो पाने उलटीपालटी करीत किडे शोधत फिरतो. घरटेही जमिनीवरच बांधतो, वाळक्या पानांचे, गोलसर आणि बाजूला दार ठेवलेले. सोसायटीच्या आवारात टोळीने कलकलाट करणाऱ्या जंगली सातभाईंशी त्याचे आडनाव जुळत असले, तरी पक्षीशास्त्रज्ञांनी आता दोघांची कुळे वेगळी केली आहेत, आणि तो कलकलाट रोज ऐकत असल्यामुळे या वाटणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

इतक्या लाजाळू जिवाने निदान गप्प तरी राहावे. परंतु हा गळ्याची पांढरी पिसे फुगवून अशी खणखणीत, चढती-उतरती शीळ घालतो की ती आपल्या बुटांजवळूनच येत आहे, असे वाटते. मेव्हणा जागीच थिजतो आणि डासांनी फोडून काढलेला पाय खाजवण्याचीही मला बंदी होते. "भावोजी, हलू नका," तो ओठ न हलवता सांगतो. मोबाइलवर याच पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावू या, असे मी सुचवले, तेव्हा विणीच्या काळात असा आवाज ऐकल्यावर पक्ष्याला आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसल्याचे वाटते आणि तो घरचे काम टाकून भांडायला धावतो, हे त्याने मला कुजबुजत, पण बराच वेळ समजावले. येऊरच्या बंगल्यांमध्ये रात्री वाजणाऱ्या डीजेमुळे त्या पक्ष्याला नेमके काय वाटत असेल, हे विचारण्याचे मी टाळले.

मग समोरच्या पाचोळ्यात सळसळ होते, माझा श्वास अडकतो आणि सरडा बाहेर येतो.

परतीच्या बसमध्ये मेव्हणा मोबाइलवर त्या दिवसाची यादी भरतो आणि तीत ठिपकेवाला सातभाई निःसंकोचपणे नोंदवतो, कारण पक्षीनिरीक्षणात केवळ आवाजावरून केलेली नोंदही ग्राह्य धरतात. लेखापरीक्षणाच्या नोकरीत पावतीवाचून चहाचे बिलसुद्धा मंजूर न केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पचत नाही. घरी पोचताच पत्नी विचारते, "दिसला का रे?" मी खरे काय ते सांगण्यासाठी तोंड उघडतो, तोवर तिचा भाऊ म्हणतो, "दोन होते, ताई!" आणि पोह्यांची पहिली बशी त्याच्यापुढे जाते.