कॅरोलाइनला कळणारच

आधीच सांगते, या पोस्टमध्ये अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'चा खुनी कोण ते उघड लिहिलंय. वाचली नसेल तर इथेच थांबा आणि आधी पुस्तक मिळवा. ही कादंबरी कोऱ्या मनाने एकदाच वाचता येते, ती संधी माझ्यामुळे जायला नको.

रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर या पुस्तकावरून दोन तास कडाक्याचं भांडण झालं. चहा कपातच गार झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका एकच मुद्दा धरून बसले होते, "ही शुद्ध फसवणूक आहे. जो आपल्याला गोष्ट सांगतोय त्यानेच खून करायचा आणि शेवटपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही? मग वाचकाने भरवसा ठेवायचा कोणावर?" निम्मी मंडळी त्यांच्या बाजूने माना डोलवत होती.

हा राग काही आजचा नाही. १९२५ साली लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'मध्ये ही कादंबरी ५४ भागांत क्रमशः आली, १९२६ ला पुस्तक निघालं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. रहस्यकथा लिहिणारी डोरोथी सेयर्स ख्रिस्तीच्या बाजूने उभी राहिली. सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचंच काम आहे, असं तिचं म्हणणं. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकाराने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. डिटेक्टिव्हच्या सोबत्याने आपल्या मनातला कुठलाही विचार वाचकापासून लपवू नये, हा त्यातलाच एक.

काकांना मी एवढंच म्हटलं, गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टर शेपर्डने लिहिलेलं एक तरी वाक्य खोटं काढून दाखवा. खुनाच्या रात्रीचं ते प्रकरण काढा. मिसेस फेरार्सने मरण्याआधी ॲक्रॉइडला लिहिलेलं, तिला पिळणाऱ्याचं नाव असलेलं पत्र नऊला वीस कमी असताना आत येतं. ॲक्रॉइडच्या खोलीतून डॉक्टर निघतो तेव्हा नऊला दहा कमी असतात. पत्र अजून पूर्ण वाचलेलं नसतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर घुटमळतो, मागे वळून बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना म्हणून. बस्स. मधल्या दहा मिनिटांत खून झालाय आणि त्याने एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. पुढे प्रेत सापडल्यावर तो लिहितो की जे थोडंफार करायचं होतं ते मी केलं. हे थोडंफार म्हणजे डिक्टाफोन (आवाज मुद्रित करून ऐकवणारं यंत्र) बॅगेत टाकणं आणि खुर्ची जागेवर सरकवणं! एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेल्या प्रतीत, नेमक्या त्या दाराच्या मुठीच्या वाक्याखाली कोणीतरी पेन्सिलने फिकट रेघ मारली होती. रेघ कशासाठी ते मला वाचताना कळलं नाही. पुस्तक संपल्यावर मी त्या पानावर परत आले आणि अंगावर काटा आला. माझ्या आधी कोणीतरी असंच मागे फिरून आलं होतं.

पण फसवणूक आहे की नाही यावर आपण इतकं भांडतो की पुस्तकातलं सगळ्यात मोठं माणूस बाजूलाच राहतं. ते माणूस म्हणजे डॉक्टरची बहीण, कॅरोलाइन.

अविवाहित, भावापेक्षा आठ वर्षांनी मोठी, किंग्ज ॲबट गावातली खडान्‌खडा बातमी घरबसल्या गोळा करणारी. दूधवाला काय म्हणाला, कोणाची मोलकरीण कोणाशी बोलत होती, सगळं हिच्याकडे जमा. अशी एखादी मावशी आपल्या प्रत्येकाच्या आळीत असते आणि आपण तिला भोचक म्हणून मोकळे होतो. ख्रिस्तीने तसं केलं नाही. तिचं कॅरोलाइनवर मनापासून प्रेम होतं. १९२८ मध्ये या कादंबरीवर 'ॲलिबाय' नावाचं नाटक आलं, त्यात कॅरोलाइनला काढून एक तरुण मुलगी घातली, याचं ख्रिस्तीला फार वाईट वाटलं. ख्रिस्तीची म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल सुचली ती बहुधा याच कॅरोलाइनमधून, असं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

आता पहिलंच प्रकरण पुन्हा वाचा. मिसेस फेरार्सने नवऱ्याला विष घातलं आणि पश्चात्तापाने स्वतःचा जीव घेतला, असं कॅरोलाइन नाश्त्याच्या टेबलावर ठासून सांगते. डॉक्टर तिला उडवून लावतो. पहिल्या वाचनात आपण त्याच्या बाजूने असतो, तो शहाणा आणि ती गावगप्पा करणारी. दुसऱ्या वाचनात कळतं की तिचं बरोबर आहे, आणि त्या बाईला वर्षभर पिळून पैसे उकळणारा माणूस तिच्याच समोर बसून नाश्ता करतोय. पुढे तर ती डिटेक्टिव्ह पॉइरोच्या देखत भावाला म्हणते की तू पाण्यासारखा दुबळा आहेस, मी सांभाळलं नसतं तर कुठल्या भानगडीत पडला असतास कोण जाणे. हे वाक्य मला आजही सहन होत नाही. सगळं बघणाऱ्या या बाईला घरातलंच दिसत नाही, कारण तिची माया आडवी येते.

पिएर बेयार या फ्रेंच अभ्यासकाने १९९८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून खुनी कॅरोलाइनच असल्याचं मांडलं. मांडणी हुशारीची आहे, पण मला ती मुळीच मान्य नाही. तिला खुनी केलं की या घरातली खरी वेदनाच निघून जाते.

शेवटी पॉइरो डॉक्टरला एक रात्र देतो. सकाळी खरं काय ते पोलिसांना कळणार, पण तुमच्या बहिणीखातर एक वाट मोकळी ठेवतो, असं सुचवतो. झोपेच्या औषधाचा जास्त डोस. डॉक्टर ती वाट पत्करतो आणि लिहितो की कॅरोलाइनला खरं कधीच कळणार नाही. आमच्या कट्ट्यावर सगळ्यांनी हे तसंच मान्य केलं. मी नाही करत. अहो, पोलिसांच्या आधी जिला बातमी असते तिला कळणार नाही? खुनाचा संशय असलेला रॅल्फ पेटन एकाएकी निर्दोष ठरतो, त्याच रात्री भाऊ जास्त व्हेरोनल घेऊन मरतो, आणि ही बाई दोन आणि दोन चार करणार नाही? इतकी वर्षं जिच्यासोबत एका छताखाली राहिला तिला डॉक्टरने ओळखलंच नाही. तिला आठवडाभरात कळेल. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती एक बातमी कोणालाही सांगणार नाही.

पहिल्या प्रकरणात डॉक्टर घरी येतो तेव्हा हॅट आणि कोट अडकवत मुद्दाम रेंगाळतो. आतून कॅरोलाइन हाक मारते, जेम्स, तूच आहेस का, आत का येत नाहीस? पुस्तक संपल्यानंतरच्या सकाळचा विचार करते तेव्हा मला तीच हाक ऐकू येते. टेबलावर नाश्ता मांडलेला आहे आणि ती जेम्सला हाका मारतेय.