वाळता वाळेना

आईचा फोन आला की ती आधी तब्येत विचारत नाही, जेवणाचंही नाही. "तिकडे ऊन कसं आहे रे?" हा पहिला प्रश्न. सगळं आयुष्य गुहागरात गेलेल्या बाईला समुद्रकाठच्या गावाबद्दल दुसरं विचारायचं तरी काय? मी खिडकीबाहेर बघतो, "छान पडलंय" म्हणतो, आणि वाक्य संपायच्या आत काचेवर तडतड सुरू होते.

"आवाज कसला?"

"पाऊस."

"आत्ता ऊन म्हणालास ना?"

"आत्ता होतं."

तिची खात्री आहे की मी अंथरुणातून बोलतो आणि बाहेर बघतच नाही.

वॉर्नमबूल हे आमचं गाव. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या पश्चिमेला गाडीनं तीनेक तासांवर. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. आमच्या व्हिसाची अट अशी की मोठ्या शहरात गर्दी करू नका, गावाकडे राहा. म्हणून इथे आलो. घरात कळवलं तेव्हा काका म्हणाले, "समुद्रकाठ आहे ना? मग आपल्यासारखंच हवामान." काकांचा समुद्र म्हणजे अरबी. आमच्यासमोरचा दक्षिण महासागर. इथून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर पहिली जमीन लागते ती अंटार्क्टिका. वाऱ्याला मध्ये अडवायला एक माडसुद्धा नाही. गावकऱ्यांनी रस्त्याकडेला नॉरफोक पाइनची उंच झाडं लावलीत, पण ती वारा अडवत नाहीत. नुसती मान डोलावतात.

पावसाचा आकडा पाहिलात तर फसाल. वर्षाचे सातशे ते साडेसातशे मिलिमीटर, म्हणजे साधारण पुण्याएवढाच. रत्नागिरीत एकटा जुलै याच्यापेक्षा जास्त ओतून मोकळा होतो. पण पुण्याचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून जातो. इथे तोच पाऊस बारा महिन्यांच्या हप्त्यांवर घेतलाय, आणि एकही हप्ता चुकत नाही. हिवाळ्यात हप्ता जरा मोठा असतो एवढंच. दहा मिनिटं पाऊस, वीस मिनिटं ऊन, मग वारा, मग इंद्रधनुष्य. पहिल्या महिन्यात मी इंद्रधनुष्यांचे फोटो घरी पाठवत होतो. आता ते दिसलं की मी कपडे काढायला धावतो.

कारण खरा छळ कपड्यांचा आहे. परसदारी कपडे वाळवायला मधोमध खांब आणि वर उघड्या छत्रीसारखी फिरणारी चौकट असते. हिल्स हॉइस्ट म्हणतात. ॲडलेडच्या लान्स हिल नावाच्या माणसानं १९४५ साली ती बनवून विकायला सुरुवात केली, आणि पुढे ती देशाची ओळखच होऊन बसली. कपडे एका जागी उभं राहून टाकायचे, वारा चौकट फिरवतो, सगळ्यांना सारखं ऊन लागतं. कल्पना झकास. आमच्या घरमालकानं मात्र ती घराच्या दक्षिणेला रोवलीय. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. जुलैत आमच्या परसात दिवसभर घराची सावली असते, आणि पलीकडे, पुढच्या अंगणात, जिथे कपडे टाकणं बरं दिसत नाही, तिथे लख्ख ऊन पडलेलं असतं.

मग घरातच वाळवायचं. गरम हवेचा एसी एकाच खोलीत, म्हणून त्याच्यासमोर स्टँड मांडायचा आणि स्टँडच्या मागे आपण बसायचं. जुलैत दिवसा तेरा-चौदा अंश, रात्री पाच-सहा. पुण्याचे मित्र आकडा ऐकून हसतात. पण पुण्याची थंडी नऊ वाजले की ऑफिसला जाते, इथली घरून काम करते. घरं अशी की बाहेरच्यापेक्षा आत जास्त गार वाटावं. सकाळी खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळत असतं आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे नवे नकाशे उमटलेले असतात. घर बघणाऱ्या एजंटला कळवलं तर उत्तर आलं, हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा. उघडल्या. खेळती हवा स्टँडवरची चड्डी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

आणि थंडीत कपडा वाळलाय की नाही हे कळतच नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गार कपडा हाताला ओलाच लागतो. ओला, दमट, वाळल्यासारखा, आणि कोरडा-पण-गार अशा चार अवस्था आहेत, आणि शेवटच्या दोन ओळखण्यावरून आमच्या घरात भांडणं झालीत. बायको कपडा गालाला लावून बघते. मी कानाच्या पाळीला लावतो. तिचा गाल "वाळलाय" म्हणतो, माझी पाळी "नाही" म्हणते. एकदा गालाचं ऐकून बनियन घातला आणि दुपारी साडेतीनच्या मीटिंगमध्ये तो वाळला.

ड्रायर का घेत नाही? विजेचं बिल हे कारण मी बाहेर सांगतो. खरं कारण शेजारच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या आहेत, रोज कपडे बाहेर टाकतात, पाऊस आला की काढतात, गेला की पुन्हा टाकतात. घाई नाही, चिडचिड नाही. मी एकदा ड्रायरचं बोललो तर त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पुरणपोळी दुकानातून आणतो असं कबूल केलंय. त्यांच्या शब्दकोशात थंडी नाहीच. ओल्या वाऱ्यानं माझे दात वाजत असतात आणि त्या म्हणतात, "अ बिट फ्रेश टुडे." त्यांचा नातू तेव्हा हाफ पँट आणि रबरी चपलेत बाहेर उभा असतो. छपराचा पत्रा उडायच्या बेतात असला की मग आजी मान्य करतात, वारा कुत्र्याला साखळीतून उडवेल असा आहे.

गंमत म्हणजे गाव कपड्यांसाठीच नावाजलेलं. फ्लेचर जोन्स यांचा पँटींचा कारखाना इथलाच, देशभर त्या पँटी गेल्या. कारखाना बंद झाला तरी बाग आणि टाकीवरचा तो मोठा चंदेरी गोळा अजून आहे. त्या काळी गावातली माणसं नव्या पँटी घेत राहिली असतील, जुनी वाळेपर्यंत.

सरकारी हिशेबात इथे ऋतू तारखेनं बदलतात. १ डिसेंबरला उन्हाळा, १ मार्चला शरद, १ जूनला हिवाळा, १ सप्टेंबरला वसंत. बदलीचा हुकूम निघतो, पण तो हवेच्या टेबलापर्यंत पोचत नाही. इथून उत्तरेला गॅरिवर्डचे डोंगर आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी मात्र वर्षाचे सहा ऋतू मानले. थंडीचा 'चनप' हा काकाकुवांचा. उन्हाळ्याच्या शेवटी 'कुयांग', म्हणजे ईल माशाचा. आईला सांगितलं तर ती खूश. "बघ, जाणती माणसं सहाच मोजतात. आणि वामीचा ऋतू म्हणजे काय, वाऽ!"

ती आली डिसेंबरात, सहा महिन्यांसाठी. रात्री पावणेनऊपर्यंत उजेड बघून तिची जेवणाची वेळ बिघडली. जानेवारीत समुद्रात पाय घातला आणि किंचाळली. पाणी अठरा अंशांच्या आसपास, तिच्या मते फ्रीजमधलं. पण हवा गार आहे म्हणून टोपी न घालता तासभर बसली आणि नाक सोलून घेतलं. इथलं ऊन भाजतं, ते तापत नाही. वीस अंशांतही जानेवारीतला अतिनील निर्देशांक अकराच्या वर जातो. १९८१पासून इथल्या पोरांना 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' शिकवतात: शर्ट चढवा, क्रीम फासा, टोपी घाला. आईनं नाकाला खोबरेल तेल लावलं.

आणि मग तिला वाळवणाची आठवण झाली. जवळच्या कोरॉइटला आयरिश लोकांनी वसवलेली बटाट्याची शेतं आहेत. तिथले दहा किलो बटाटे बघून तिच्या अंगात उत्साह संचारला. बटाट्याचा कीस आणि साबुदाण्याच्या पापड्या, एका दिवसात. मी हवामान खात्याचं ॲप उघडलं. दुसऱ्या दिवसाचा अंदाज होता: ४१ अंश, उत्तरेचा जोरदार वारा, दुपारनंतर 'कूल चेंज'. आईनं चष्मा लावून ४१ वाचलं आणि पुढचं वाचायची गरज तिला वाटली नाही.

हा कूल चेंज समजून घ्यायला हवा. जास्त दाबाचं क्षेत्र पूर्वेला टास्मान समुद्रावर सरकलं की त्याच्या पाठीमागून वाळवंटातला वारा दक्षिणेला सुटतो. चुलीचं तोंड उघडावं तसा. आग लावायला अशा दिवशी बहुधा बंदी असते. इथे १६ फेब्रुवारी १९८३चे वणवे बघितलेली माणसं आहेत, त्यामुळे त्या दिवशी कुणी थट्टा करत नाही. आजी सकाळी सातलाच पडदे ओढून घेतात आणि नळी हाताशी ठेवतात. मग महासागरावरून थंड हवेचा पट्टा येतो, वारा एका झटक्यात नैऋत्येकडून वळतो आणि अर्ध्या तासात वीसेक अंश उतरतात.

पहाटे चारला उठून आईनं कीस उकडला, पापड्यांचं शिजवलं. माझ्या दोन डबल बेडशीट परसात पसरल्या, कडांना विटा. चुलत्याच्या लग्नातही मी तिला इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. अकरा वाजता कीस कुरकुरायला लागला. राखणीला मी, टोपी आणि काठी घेऊन. गुहागरला कावळे असतात, इथे सीगल. कावळा निदान आजूबाजूला बघतो.

"काय रे हे ऊन!" आई म्हणाली. "आणि तुम्ही बनियन गालाला लावून बसता."

तीन वाजता आजींनी कुंपणावरून डोकं वर काढलं. बेडशीटकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "लव्ह, इट्स कमिंग," त्या आईला म्हणाल्या. आईला वाटलं कुणी पाहुणा येतोय. ती केस सारखे करायला आत गेली.

तीन वीसला वारा थांबला. अगदी थांबला. सीगलही गप्प. मग नॉरफोक पाइननी माना दुसऱ्या बाजूला वळवल्या आणि पहिली बेडशीट विटांसकट नव्हे, विटा सोडून उभी राहिली. शिडासारखी. क्षणभर आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो, कारण दृश्य खरोखर देखणं होतं. मग ती कुंपणावरून पलीकडे गेली. कीस त्याच्या आधीच गेला होता. दुसरीवर मी आडवा पडलो. पंधरा मिनिटांनी पाऊस आला तेव्हाही मी तसाच होतो, पोटाखाली साबुदाणा.

आजींचा कुत्रा कीस खाऊन दोन दिवस कुंपणाशी येऊन बसत होता. आजी म्हणाल्या, छान होता, मीठ थोडं जास्त. आई म्हणाली, मी बेतानंच घातलं होतं, उरलेलं तुमच्या वाऱ्यातलं.

तिचा मूड सुधारावा म्हणून तिला फ्लॅगस्टाफ हिलच्या संग्रहालयात नेलं. तिथे चिनी मातीचा, साधारण दीड मीटर उंचीचा एक मोर आहे. १ जून १८७८ला 'लॉक आर्ड' जहाज या किनाऱ्यावर फुटलं. चौपन्न माणसांपैकी दोनच वाचली, पण खोक्यात बांधलेला हा मोर लाटांवरून तरंगत आला, जवळजवळ अखंड. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती. "बांधाबांध चांगली केली होती," एवढंच म्हणाली.

मार्च-एप्रिल बरे जातात. वारा दमलेला असतो, उन्हाला धार नसते, कपडे वाळतात. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वसंताबद्दल मात्र आहे. मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळूवर झडप घालतात, त्यामुळे सप्टेंबरात मी कपडे टाकायला सायकलचं हेल्मेट घालून जातो. आईनं हे बघितलं नाही ते बरं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचं विमान होतं. जायच्या आधी तिला लोगन्स बीचवर देवमासे दाखवायचे होते. हिवाळ्यात ते पिल्लं घालायला किनाऱ्याजवळ येतात. दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी पाऊस दिसला, दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी बॅगा भरायला घेतल्या तर तिचं आवडतं इरकल अजून स्टँडवर. बायकोनं गालाला लावलं, मी पाळीला. यावेळी एकमत झालं.

"राहू दे," आई म्हणाली, आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत टाकलं. "घरी जाऊन वाळवीन."

चार दिवसांनी फोन आला. मी तयारीत होतो, खिडकीपाशीच उभा. पण तिनं उन्हाचं विचारलंच नाही. मागून कौलांवरचा आवाज येत होता, सलग, एकसुरी, हप्त्यांचा नव्हे.

"आई, इरकल वाळलं का?"

"लागला रे पाऊस मी यायच्या आदल्याच दिवशी," ती म्हणाली. "माजघरात दोरीवर आहे. आता वाळेल गणपतीपर्यंत."