मुलांना जपानी संस्कृतीपासून सुखरूप परत कसे आणावे

मुलांना जपान दाखवून आणावा, परंतु तो त्यांच्या अंगाला लागू देऊ नये, हे ज्या पालकांना साधले त्यांचीच सहल यशस्वी झाली असे समजावे. हे वाटते तितके सोपे नाही. ज्या देशात पहिलीतले पोर पाठीवर दप्तर टाकून एकटेच लोकलने शाळेत जाते, त्या देशात तुमच्या मुलालाही काही भलतेसलते शिकण्याचा मोह कोणत्याही वळणावर होऊ शकतो. म्हणून आखणी घट्ट हवी. इतकी घट्ट की तिच्यात कुतूहलाला शिरायला फट राहू नये.

सुरुवात तारखांपासून करावी. टोकियो आणि क्योटोमध्ये साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर साधारणपणे मार्चअखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असतो आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे वार्षिक परीक्षा असतात. तेव्हा तिकिटे मे महिन्याची काढावीत, मात्र नातेवाइकांना ‘साकुरा पाहायला चाललो आहोत’ असेच सांगावे. मेच्या सुरुवातीला तो पाहायचा असेल तर उत्तरेला होक्काइदोपर्यंत जावे लागते, ही माहिती घरातल्या घरात ठेवावी. त्यातही मेचा पहिला आठवडा निवडावा. २९ एप्रिल ते ५ मे या काळात तेथे सार्वजनिक सुट्ट्यांची माळ लागते, तिला ‘गोल्डन वीक’ म्हणतात, आणि त्या आठवड्यात जपानी माणूसही सहकुटुंब जपान पाहायला निघालेला असतो. हॉटेलांचे दर आभाळाला टेकतात आणि फलाटांवर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे परत आल्यावर गर्दीविषयी अधिकारवाणीने बोलता येते. ५ मे हा तेथला बालदिन असून त्या सुमारास अंगणांत आणि नदीकाठी कापडी कार्प माशांच्या लांबलचक पताका वाऱ्यावर पोहत असतात. त्या दिवशी आपण ओसाकातील एखाद्या मनोरंजन उद्यानात, अमेरिकन चित्रपटांवर आधारलेल्या पाळण्यासाठी रांगेत उभे असू, अशी व्यवस्था करावी.

रेल्वेचा पास घेताना हिशेब करू नये. आत्तेभावाने २०१८ मध्ये तो घेतला होता आणि ‘डोळे झाकून घ्या’ असे सांगितले होते, एवढा आधार पुरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली आणि टोकियो-क्योटो जाणे-येणे सुट्या तिकिटांवर साधारण २८,००० येनमध्ये होते, हे कागदावर मांडून पाहिले तर पास घेण्यातला आनंदच नाहीसा होतो. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीला या पासावर वेगळे पैसे भरावे लागतात, हे फलाटावर कळण्यात जी मजा आहे ती घरबसल्या कळण्यात नाही.

आता आहार. या विषयाकडे दुर्लक्ष केल्यास मुले जपानी अन्न खाऊन बसण्याचा धोका आहे. आपण शाकाहारी असाल तर काम सोपे आहे, कारण मिसो सूपपासून साध्या उकडलेल्या भाजीपर्यंत पुष्कळ पदार्थांत सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि एवढ्या एका माहितीच्या बळावर संपूर्ण देशच बाद करता येतो. मग बॅगेत अर्धी जागा ठेपले, मेतकूट, चिवडा आणि तयार उपम्याच्या पाकिटांना द्यावी, आणि उरलेल्या जेवणांसाठी प्रत्येक शहरातील उत्तर भारतीय उपाहारगृह शोधून ठेवावे. क्योटोत बसून पनीर बटर मसाला खाताना मुलांना सांगावे की बघा, आपले अन्न जगात कुठेही मिळते.

जपानी बौद्ध मंदिरांतून शतकानुशतके ‘शोजिन र्‍योरी’ नावाचा स्वयंपाक होत आला आहे, त्यात मांस-मासे तर नाहीतच, परंतु कांदा-लसूणही नाही, अर्क काढायचा तो समुद्री शेवाळाचा आणि सुक्या अळिंबीचा, ही गोष्ट आजींना कळू देऊ नये. चातुर्मास काटेकोर पाळणाऱ्या आजी कोयासानच्या डोंगरावरील एखाद्या मंदिरात मुक्काम ठोकून बसतील, नातवंडांना पहाटेच्या प्रार्थनेला उठवतील, आणि तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतील दोन खरेदी-केंद्रे त्यात बुडतील. त्याच डोंगरावरील कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे, हेही मुलांना सांगण्याचे कारण नाही. मग ती ‘तो इथे कसा?’ असे विचारतील आणि उत्तर देण्यासाठी तुम्हाला दोन देशांतील बौद्ध धर्माविषयी काही वाचावे लागेल.

कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांपासूनही मुलांना दूर ठेवावे. तेथे त्रिकोणी भाताचे मुटके, म्हणजे ओनिगिरी, मिळतात आणि त्यांच्या वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. पहिल्या आकड्याची पट्टी ओढून मधोमध फाडायची, मग दुसरा कोपरा, मग तिसरा, म्हणजे दोन प्लॅस्टिकच्या मध्ये कोरडे ठेवलेले शेवाळाचे पान आपोआप भाताभोवती बसते आणि दाताखाली कुरकुरीत लागते. मुलाने ही क्रिया एकदा स्वतःच्या हाताने केली की त्याला ती पुन्हा करावीशी वाटते, आतले खारवलेले आंबट उमे, म्हणजे जर्दाळूच्या जातीचे जपानी फळ, तो मिटक्या मारत खातो, आणि तुमचे ठेपले आहेत तसे मुंबईला परत येतात.

देवदर्शनाबाबत माझा सल्ला असा की लाल कमानींपुढे छायाचित्रे काढावीत आणि निघावे. क्योटोतील फुशिमी इनारी या देवस्थानी हजारो कमानी डोंगरावर चढत जातात. परंतु गर्दी पहिल्या शे-दोनशे पावलांतच असते आणि वर शांतता, पायवाटा व कोल्ह्यांच्या दगडी मूर्ती असतात, त्यामुळे पहिल्या वळणावरूनच मागे फिरणे श्रेयस्कर. टोकियोतील असाकुसात सेन्सोजी मंदिराच्या भल्या मोठ्या लाल कंदिलाखाली सगळे महाराष्ट्र मंडळ उभे करून झाले की थेट बस गाठावी. कारण तेथून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन नावाचे लहानसे मंदिर आहे, तेथला देव म्हणजे आपला गणपती, आणि लोक त्याला चक्क मुळा वाहतात. मूर्तीचे दर्शन नाही. ती झाकलेलीच असते. दुर्वा नाहीत, जास्वंद नाही, हातात पांढराशुभ्र मुळा घेऊन भाविक येत आहेत, हे दृश्य पाहून तुमच्या पाचवीतल्या मुलीला काय काय प्रश्न पडतील याची कल्पनाच करवत नाही. बरे, याच देवाच्या नैवेद्याची ‘कांकिदान’ नावाची मिठाई क्योटोत आजही मिळते. लाल चवळीसारख्या अझुकीचे गोड पुरण, त्यात लवंग-दालचिनीसारखे सुगंधी मसाले, वर चुण्या घालून आवळलेली पारी आणि तिळाच्या तेलात तळण: म्हणजे तळणीचा मोदक हजारभर वर्षांपूर्वी परदेशी गेला आणि तेथेच स्थायिक झाला. हे जर मुलांनी पाहिले तर संस्कृती ही आपली आणि त्यांची अशी दोन स्वच्छ खणांत ठेवता येते, हा आपण इतक्या कष्टाने रुजवलेला समज एका घासात जाईल.

नारा येथे हरणे आहेत. त्यांना बिस्किटे द्यावीत, ती वाकून नमस्कार करतात त्याचा व्हिडिओ करावा, आणि एखाद्या हरणाने सदऱ्याचे टोक ओढले की मुलांसह किंचाळत पळावे. तेथल्या तोदाइजी मंदिराच्या सभागृहात एका खांबाला तळाशी भोक आहे, ते आतल्या प्रचंड बुद्धाच्या नाकपुडीएवढे असल्याचे सांगतात आणि त्यातून सरपटत पार होणाऱ्याचे भले होते अशी समजूत आहे. कपडे मळतील. इ. स. ७५२ मध्ये या बुद्धाचे डोळे रंगवून त्याची प्रतिष्ठापना करण्याचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला मिळाला होता, परंतु बसजवळ टूर मॅनेजर शिट्टी वाजवत असताना इतिहासात कोण शिरणार?

हिरोशिमासाठी दुपारच्या जेवणानंतरची चाळीस मिनिटे ठेवण्याची पद्धत पडली आहे. अणुबाँबच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेली सदाको नावाची बारा वर्षांची मुलगी, तिने रुग्णालयात घड्या घालून केलेले कागदी क्रौंच पक्षी, आणि ते आजही जगभरच्या शाळांतून तेथे माळांनी येतात, ही हकीकत चाळीस मिनिटांत बसत नाही. येथे विनोद करण्यासारखे मला काही सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

शिस्तीचा धडा मात्र टाळू नये. किंबहुना सहलीचा मुख्य हेतू तोच. जपानी लोक किती शिस्तीचे, हे मुलांना दिवसातून तीनदा तरी ऐकवावे, आणि शक्यतो गाडीच्या डब्यात, जेथे बाकीचे सगळे मौन पाळून बसलेले असतात, तेथे चांगल्या खणखणीत आवाजात ऐकवावे. ऐकवून झाले की डोंबिवलीच्या काकांना व्हिडिओ कॉल लावून डबा दाखवावा. ‘बघा, एक शब्द कोणी बोलत नाही,’ असे तुम्ही त्यांना ओरडून सांगत असताना समोरच्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले तर त्यांना झोप आली असे समजावे. रस्त्यावर कचरापेट्या सापडणार नाहीत. १९९५ च्या टोकियो मेट्रोतील सारिन वायूच्या हल्ल्यानंतर पुष्कळ ठिकाणच्या पेट्या काढल्या गेल्या आणि लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले. तुमच्या मुलाने चॉकलेटचा कागद खिशात ठेवला तर त्याच्यावर वेळीच लक्ष द्यावे. ही सवय सांताक्रूझला उतरल्यावरही टिकली तर पुढे त्याला फार जड जाईल.

र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक निवासात, एक रात्र तरी काढावीच, कारण तिचा दर सांगण्यासारखा असतो. दारात बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, ततामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, त्याही काढायच्या, आणि शौचालयाच्या सपाता निराळ्या, हा सारा व्यवहार मुलांना पाच मिनिटांत येतो आणि वडीलधारी मंडळी शौचालयाच्या सपाता घालून भोजनगृहात प्रवेश करतात. युकाता, म्हणजे तेथला सुती झगा, नेसताना डावा पदर वर घ्यायचा असतो. उजवा वर घेतात तो प्रेताला नेसवताना. त्या वेषात काढलेले कुटुंबाचे हसरे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्यापूर्वी कोणा जपान्याला दाखवू नये. क्योटोच्या गियोन भागात मायको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर मुलांना पुढे पिटाळावे, मागून आपण धावावे. तेथील खासगी गल्ल्यांत शिरल्यास १०,००० येन दंडाची पाटी २०२४ पासून लागली आहे, तिचेही छायाचित्र छान येते.

सहलीवरून परतल्यावर शाळेत निबंध येणारच, त्याची तयारी विमानातच करून घ्यावी. मुलाला मोकळे सोडले तर तो पहाटे फलाटावर दिसलेल्या, पिवळ्या टोप्या घातलेल्या मुलांविषयी लिहील. त्या मुलांना आपला वर्ग स्वतः झाडावा लागतो आणि एप्रन बांधून एकमेकांना जेवण वाढावे लागते हे त्याला कोणीतरी सांगितलेले असते, आणि आपल्या शाळेत असे का नाही, असे तो बाईंना वहीतून विचारील. ते पान फाडावे. बुलेट ट्रेनचा वेग, फुजीची उंची ३,७७६ मीटर आणि ‘जपानी लोक फार मेहनती असतात’ हे वाक्य एवढे त्याला सांगून लिहून घ्यावे, आणि हस्ताक्षर खराब आले तर पुन्हा लिहायला लावावे.