१२० कोटी ‘हवामान निर्वासितां’चा हिशेब

‘२०५० पर्यंत हवामानबदलामुळे १२० कोटी लोक निर्वासित होतील, त्यांचे लोंढे श्रीमंत देशांच्या सीमांवर धडकतील आणि तिथल्या लोकसंख्येचा तोंडवळाच बदलून जाईल.’ हे वाक्य इतकं फिरलंय की आता कोणी त्याचा पुरावा मागत नाही. पर्यावरणाची कळकळ असणारे ते सांगतात आणि स्थलांतरितांच्या नावाने बोटं मोडणारेही. दोन्ही टोकांना एकच आकडा सोयीचा वाटतो, तेव्हा तो उलगडून पाहिलेला बरा.

‘१२० कोटी लोक निर्वासित होतील.’

हा आकडा इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस या संस्थेच्या २०२० च्या अहवालातला. पर्यावरणीय संकटं पेलण्याची ज्यांची ताकद २०५० पर्यंत अपुरी पडेल असे ३१ देश त्यात निवडले होते. तिथे राहणाऱ्यांची ही बेरीज. धोक्याच्या देशातला प्रत्येक माणूस उठून चालू लागेल असं मानलं, तरच ती निर्वासितांची संख्या ठरते. असं भाकीत पहिल्यांदा झालंय असंही नाही. २०१० पर्यंत ५ कोटी पर्यावरण निर्वासित होतील, असं २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच वर्तुळातून सांगितलं गेलं होतं. मुदत उलटल्यावर, २०११ मध्ये, विचारणा होऊ लागली तेव्हा त्याचा नकाशा संकेतस्थळावरून गुपचूप उतरवला गेला.

शिवाय निर्वासित कोणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात हवामान हे कारणच नाही. प्रशांत महासागरातल्या किरिबाती या बेटदेशाच्या इओआने टेटिओटा यांनी याच कारणासाठी न्यूझीलंडकडे आश्रय मागितला. तो मिळाला नाही. जीव धोक्यात असेल तर माणसाला परत धाडता येणार नाही, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये मान्य केलं, पण त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही.

‘ते सगळे श्रीमंत देशांत येतील.’

दाव्यातली सर्वांत कच्ची वीट ही. २०२२ च्या महापुरात पाकिस्तानातले सुमारे ८० लाख लोक विस्थापित झाले. ते कुठे गेले? बांधावर, रस्त्याच्या कडेला, नातेवाइकांकडे, जवळच्या शहरात. बहुतेक सगळे देशातच राहिले आणि पाणी ओसरल्यावर बरेचसे परतले. जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाजही देशांतर्गत स्थलांतराचाच आहे: काहीच उपाय केले नाहीत तर २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१.६ कोटींपर्यंत लोक आपापल्या देशात जागा बदलतील, पैकी ८.६ कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. वेळीच पावलं उचलली तर हाच आकडा ४.४ कोटींपर्यंत खाली येऊ शकतो. दाव्याच्या आवृत्त्यांमधून हे दुसरं वाक्य नेमकं गळतं.

आपत्तीमुळे घर सोडावं लागण्याच्या सर्वाधिक नोंदी २०२४ मध्ये कोणत्या देशात झाल्या? अमेरिकेत, सुमारे १.१ कोटी. मोठा वाटा चक्रीवादळांआधी हलवलेल्यांचा. ही विस्थापनं गरिबीतून आलेली नाहीत, उलट वेळेवर इशारा मिळाल्याची खूण आहेत.

देश ओलांडायला पैसा लागतो, कागदपत्रं लागतात, पलीकडे कोणीतरी ओळखीचं लागतं. दुष्काळ आधी हीच पुंजी खातो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या अभ्यासात पाऊस कमी झाल्यावर दूरच्या ठिकाणी अल्पकाळासाठी होणारं स्थलांतर घटल्याचं दिसलं. ब्रिटिश सरकारच्या २०११ च्या ‘फोरसाइट’ अहवालाने अशा अडकून पडलेल्यांकडे लक्ष वेधलं होतं. मला काळजी वाटते ती त्यांची. पण सीमेवर न पोहोचलेल्या माणसाची बातमी होत नाही.

‘त्यामुळे जगाची लोकसंख्या उलटीपालटी होईल.’

लोकसंख्येची दिशा अजून तरी जन्म आणि वय ठरवतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १,०३० कोटींचं शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरेल. चीन, जर्मनी, जपान यांची शिखरं मागेच पडली. दक्षिण कोरियाचा प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ होता; तिथे बाहेरून कोणीही आलं नाही, तरी लोकसंख्या टिकणार नाही. उलट अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली पुढची वाढ प्रामुख्याने स्थलांतरितांवरच अवलंबून असेल. २०२४ मध्ये आपल्या जन्मदेशाबाहेर राहणारे सुमारे ३०.४ कोटी होते, म्हणजे जगाच्या ३.७ टक्के. त्यांतले बहुसंख्य काम, लग्न, शिक्षण यांसाठी गेलेले.

दाव्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातला बेटदेश तुवालू यांच्यातल्या करारानुसार तुवालूच्या २८० नागरिकांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात स्थायिक होता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी, कुटुंबीय धरून, देशाच्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांची नावं नोंदवली गेली. पण तुवालूची लोकसंख्या साधारण साडेदहा हजार. तिथे सगळा देश रिकामा होऊ शकतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत तो दिसणारही नाही.