‘नाचायला आलो होतो, तालीम बघायला नाही’: तुमच्या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार,

तुमच्या पार्टीतल्या आमच्या लाइव्ह लूपिंगला (समोरच काढलेला आवाज रेकॉर्ड करून तो लूप पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर आवाजांचे थर चढवायचे) तुम्ही दोन तारे दिलेत. पहिला ठेका उभा राहायलाच पाच मिनिटं गेली, आवाज गिचमिड होता आणि ‘सगळं इथेच, शून्यातून तयार होतं’ हे खरं वाटलं नाही, असं लिहिलंत. त्या रात्री रेकॉर्डिंग सुरू-बंद करणाऱ्या पेडलवर पाय माझा होता, म्हणून उत्तरही मीच देते आहे.

पाच मिनिटं गेली, हे खरं. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, १६ मात्रा बरोबर ८ सेकंदांत होतात. म्हणजे किकचा (ड्रमच्या जड ठोक्याचा) लूप आठव्या सेकंदाला फिरायला लागतो. त्यावर टाळी, हाय-हॅट (झांजेसारखा आवाज), बेस (खालचे सूर) चढवले तरी दीड-दोन मिनिटांत माणसं नाचायला लागली पाहिजेत. त्या रात्री पहिल्याच लूपचा सांधा चुकला. १६ मात्रा संपून सम येते त्या क्षणी पेडल दाबायचं असतं. माझा पाय किंचित उशिरा पडला. ही फट एकदा ऐकली तर कळतही नाही. पण लूप दर फेरीला त्याच जागी अडखळतो आणि नाचणाऱ्याचं पाऊल नेमकं तिथे चुकतं. वरचे सगळे थर त्याच लांबीवर बसतात, त्यामुळे तो तिथल्या तिथे पुसायला हवा होता. मी हाय-हॅटने फट झाकायला गेले, मग बेस घातला, आणि शेवटी सगळंच पुसून पुन्हा सुरुवात केली. चूक सर्वांकडून होते, पण ती ओळखूनही पुढे रेटणं हा माझा दोष.

पेडलमध्ये क्वांटाइझ असतं, ते लूपची लांबी आपोआप मात्रेवर बसवतं. त्यासाठी लय आधी ठरवून कानात क्लिक (लयीची टिकटिक) ऐकत वाजवावं लागतं. समोरच्यांकडे बघून लय पकडायला मला आवडतं, म्हणून मी ते टाळत आले. आता पहिला लूप क्लिकवरच घेते.

आवाजाबद्दलही तुमचं बरोबर आहे. स्पीकर माझ्या मागे होते. तोंडाने काढलेला थर रेकॉर्ड होताना माइक मागून येणारे आधीचे थरही उचलत होता. चौथ्या थरात पहिले तीन पुसटसे मिसळलेले, पाचव्यात चार. असं होणार हे साउंड चेकलाच लक्षात आलं होतं. स्पीकर पुढे घ्या, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. सुरुवातीला उशीर नको म्हणून बोलले नाही.

तयार ट्रॅक वाजवल्याचं मात्र मान्य नाही. माझ्या पेडलची मेमरी कार्यक्रमाच्या सुरुवातीला रिकामी असते. कधीही या, समोर उघडून दाखवते. रेकॉर्ड करून आणलेला ठेका अडखळलाच नसता. शेवटच्या भागात पुढे उभ्या असलेल्या एका मुलीची टाळी सतत दोन मात्रांच्या मधोमध पडत होती. मी माइक तिच्यापुढे धरला, चार मात्रा घेतल्या आणि किकवर सोडल्या. पुढची दहा मिनिटं सगळे तिच्या टाळीवर नाचले. माझ्यासाठी हे काम एवढ्यासाठीच आहे. म्हणून ‘पुढच्या वेळी बीट्स तयार ठेवा’ ही तुमची सूचना मी घेणार नाही.

पहिल्या मिनिटापासून अखंड नाच हवा असेल तर डीजे बरा, हे बुकिंगच्या वेळी मी स्पष्ट सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आता हे बुकिंगआधीच सांगते. शिवाय थर चढत असताना माझा जोडीदार कीबोर्ड वाजवत राहतो, म्हणजे मधे शांतता पडत नाही.

अर्धं मानधन तुम्हाला परत करायचं आम्ही ठरवलं आहे. बुकिंगच्या नंबरवर कळवा, त्याच दिवशी पाठवते.